जेसीबी आत घालण्याआधी आठ दिवस द्या

इंदुरातल्या ओस पडलेल्या जुन्या वाड्यांचे मालक, गावोगाव पांगलेले त्यांचे वारस आणि वाडे उतरवण्याचे ठेके घेणारी मंडळी, या सर्वांस खुले पत्र.

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की जुनी इंदूर, मल्हारगंज, खजुरी बाजार, रामबाग या भागांतल्या कुलूपबंद वाड्यांवर जर्जर असल्याच्या नोटिसा चिकटतात आणि घाई सुरू होते. सागवानी खांब आणि तुळया आधी विकल्या जातात, दारे-कड्या भंगारात जातात, उरलेल्यावर जेसीबी चालतो. दोन-तीन दिवसांत चौक, ओसरी, माजघर, परस सगळे डंपरमध्ये भरून शहराबाहेरच्या कुठल्या तरी खड्ड्यात भरावाला पडते.

वाडा पडतो म्हणून मी हे लिहीत नाही. वाळवीने तुळया पोकळ केल्या, भिंतींनी पोट काढले, खालून शाळेची मुले जातात. असा वाडा उतरवावाच लागतो. माझे म्हणणे त्या दोन-तीन दिवसांबद्दल आहे. शंभर-दीडशे वर्षे ज्या जमिनीवर एक कुटुंब नांदले, ती जमीन एकदाही न तपासता उचलून फेकली जाते, हे मला गप्प बसून पाहवत नाही.

माझा संबंध एवढाच, की मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या ओस जागा पाहण्याचा मला छंद आहे. मोहरांच्या हंड्यासाठी या छंदात आलेला माणूस महिन्याभरात यंत्र विकून मोकळा होतो. हाती लागतात ते खिळे, बिजागऱ्या, पळीचा दांडा, अडकित्त्याचे एक पाते, जोडवे, पितळी कुलपाची चावी, आणि दिवस चांगला असेल तर एखादा होळकरांचा तांब्याचा पैसा. भंगारवाल्याकडे या सगळ्याला वजनाचा भाव मिळतो. पण वाडा गेल्यावर त्या घरात माणसे कशी राहत होती हे सांगणारे एवढेच उरते, आणि तेही ते कुठे पडले होते हे माहीत असेल तरच.

हा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण सगळी तक्रार त्यावर उभी आहे. १९४३ ते १९४७ या वर्षांत भोकाचा पैसा निघत असे. ओसरीच्या फरशीखालच्या मुरमात, फरशी न हललेल्या जागी, असा पैसा मिळाला तर ती फरशी १९४३ च्या आधी बसवलेली नाही हे ठरले. त्याखालच्या थरात शिवाजीराव होळकरांच्या काळातला बसलेल्या नंदीचा अर्धा आणा मिळाला, तर त्यावर विक्रम संवत असते. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन कळते. दोन नाणी आणि त्यांच्यामधला चार बोटांचा मुरूम, एवढ्यावर ओसरी कधी दुरुस्त झाली हे घरातल्या कुठल्याही कागदाशिवाय सांगता येते. तीच दोन नाणी डंपरच्या ढिगात मिळाली तर ती दोन जुनी नाणी, बस. सराफ्यात तसली नाणी विकत मिळतात.

आता तक्रारी.

पहिली जेसीबीची. त्याचे बकेट जोत्यात घुसते तेव्हा फरशी, मुरूम, पांढरी माती आणि काळी माती एकाच घासात उचलते. थर राहत नाहीत, आणि वस्तूही राहत नाहीत. देवाचा टाक घ्या. तळहातात मावणारा चांदीचा किंवा पितळेचा पत्रा, मागून ठोकून उठाव दिलेला: घोड्यावर खंडोबा, शेजारी म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. जाडी पोस्टकार्डाएवढी. होळकरांचे कुलदैवतच मल्हारी मार्तंड असल्यामुळे इथल्या कितीतरी मराठी देव्हाऱ्यांत असे टाक होते, आणि वाटण्या होताना, घरे बदलताना, देवघराच्या कोनाड्यामागे किंवा फरशीच्या फटीत काही राहून गेले. मातीत सपाट पडलेला टाक लाकडी पट्टीने आणि मऊ ब्रशने काढला तर कुत्र्याचे कानसुद्धा दिसतात. बकेटच्या दाताखाली आला की घडी पडते. वर्षानुवर्षे मातीत राहिलेला पत्रा ठिसूळ झालेला असतो. घडी उलगडायला जावे तर बरोबर खंडोबाच्या छातीवर तो मोडतो.

दुसरी तक्रार पाटणीच्या मातीची, जिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. कडीपाटाच्या वर फळ्या, फळ्यांवर चार-सहा इंच माती आणि त्यावर सारवण किंवा फरशी, अशी वरच्या मजल्यांची रचना असते. मुलांच्या हातातून निसटलेला पैसा, सुई, बटण, कानातली कुडी सारवणाच्या किंवा फरशीच्या फटींतून त्या मातीत जाते आणि तिथेच बसते. पाडताना ही माती सगळ्यात आधी धुरळा म्हणून खाली ढकलली जाते. खरे तर ती वेगळी काढून ताडपत्रीवर चार इंचांच्या थरात पसरली, वरून यंत्र फिरवले आणि मग पाव इंची जाळीच्या चाळणीतून चाळली, तर दोन माणसांचे दोन दिवसांचे काम आहे. ठेकेदाराचे यात एक पैचे नुकसान नाही. ती माती नंतर भरावालाच जायची आहे.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर. वाडा रिकामा आहे हे कळले की रात्री खणणारे येतात. त्यांना कोणी बाबा जागा दाखवतो, नाहीतर दोन लांब दांड्यांचे एक यंत्र दाखवते, जे म्हणे शंभर फुटांवरून सोने सांगते. मालकांपैकीही काही जण पैसे देऊन अशा लोकांना बोलावतात, म्हणून स्पष्ट लिहितो: असे यंत्र नसते. खरा डिटेक्टर कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतो, त्याने धातूत प्रवाह उठतो आणि त्या प्रवाहाचे उलट क्षेत्र कॉइल पकडते. अकरा इंची कॉइलला पैशाएवढे नाणे वीतभर खोलीपर्यंत लागते, इथल्या काळ्या मातीत त्याहूनही कमी. मोठे भांडे थोडे जास्त खोल लागते, पण पुरुषभर खोलीची वाटी किंवा अंगठी कुठलेच यंत्र सांगत नाही. आणि पडद्यावर सोन्याचा म्हणून जो आकडा येतो, तोच औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीचा येतो, टूथपेस्टच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याचा येतो, बाटलीच्या ॲल्युमिनियमच्या झाकणाचा येतो.

हे लोक खणतात कुठे? देवघराखाली, उंबऱ्याखाली आणि खांबांच्या बुडाशी. लाकडी खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, नुसता उभा असतो, त्याला बांधून ठेवणारे काही नसते. वरचे ओझेच त्याला जागेवर ठेवते. तळखड्याच्या एका बाजूची दोन-तीन फूट माती काढली की तो कलतो, खांब सरकतो, तुळईचे टोक भिंतीतून सुटते. मग पहिल्या मोठ्या पावसात मजला खाली येतो आणि पडलेला वाडा पावसाच्या नावावर जमा होतो. आपल्या वाड्यात ताजी माती, नारळ, लिंबू, हळद-कुंकू दिसले तर हसण्यावारी नेऊ नका. खड्डा लगेच भरून, ठोकून घ्या आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवा.

चौथी तक्रार आम्हा डिटेक्टरच्या छंदवाल्यांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीची आहे आणि ती मी थोडक्यात सांगतो. दिवसाढवळ्या, नाव-पत्ता देऊन परवानगी मागणाऱ्याला चोर समजून हाकलले जाते. ज्याला खरेच चोरायचे आहे तो विचारत नाही. तोंडी हो म्हणणारे एक वारस आणि दुसऱ्या दिवशी आरडाओरडा करणारे दुसरे वारस, हेही नेहमीचे. म्हणून तोंडी परवानगी आम्हालाही नको.

आम्ही आत येऊन नेमके काय करतो हे माहीत नसल्यामुळे संशय येत असेल, तर ते असे.

आधी यंत्र गाडीतच राहते. दोघांनी मिळून उजेडात वाडा बाहेरून आणि आतून पाहायचा: भिंतीतल्या ताज्या भेगा, लोंबणाऱ्या वायरी, मधमाश्यांचे पोळे, झाकलेला आड, कुजलेला जिना. आडावर फळ्या टाकून वर माती पसरलेली असते, ती काठीने ठोकूनच कळते. वटवाघळांची विष्ठा साचलेल्या खोलीत मास्कशिवाय जायचे नाही, त्या धुळीतून फुप्फुसांचा आजार होतो. वरचा मजला धोक्याचा असेल तर त्याखाली काम नाही, मग तिथे काहीही असो. म्हणूनच आमची मागणी वाडा उभा असतानाची नाही. वरचे उतरवून झाल्यावर, जोते उघडे पडल्यावरची आहे.

मग मोबाइलवर फोटो आणि कागदावर नकाशा. चौकात सुतळीने मीटर-मीटरचे चौकोन आखायचे. वीस फूट बाय वीस फूट चौकात असे छत्तीस चौकोन बसतात. खिळ्यांनी भरलेल्या जागेत एका चौकोनाला दहा मिनिटे धरली तर सहा तास, म्हणजे एक दिवस. घाई केली तर काय होते? कडीपाट उतरवताना शेकडो खिळे जमिनीवर सांडतात. खिळ्याशेजारी पडलेले नाणे यंत्राला खिळाच वाटते, आणि लोखंड वगळण्याची सोय चालू ठेवली असेल तर ते दोन्ही गाळून टाकते. यासाठी पहिल्यांदा दोरीला बांधलेला जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवून वरचे खिळे उचलायचे, मग पाच-सहा इंची लहान कॉइल लावायची आणि काहीही न वगळता ऐकायचे. कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटे वर, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. आवाज आला की काटकोनात वळून पुन्हा फिरवायचे. दोन्ही बाजूंनी तोच आकडा आला तर खणण्याजोगे, एका बाजूने तुटक आला तर बहुधा वाकडा खिळा.

इथल्या मातीचा त्रास वेगळाच. माळव्याची काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात लोहाची चुंबकीय खनिजे असतात, त्यामुळे यंत्र मातीलाच धातू समजून कुरकुरत राहते. धातू नसलेली हातभर जागा शोधून तिथे कॉइल दोन सेंटिमीटरपासून पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत सात-आठ वेळा वर-खाली करायची, आवाज सपाट होईपर्यंत. चुलीच्या जागी आणि विटांच्या भरावावर हे पुन्हा करावे लागते, कारण भाजलेली माती कच्च्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असते. परसात जुळवलेले यंत्र तसेच स्वयंपाकघरात नेणारा माणूस तासभर विटांचे तुकडे खणतो. डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे असेल तर संवेदनशीलता उतरवावी लागते आणि मोबाइल लांब ठेवावा लागतो.

ऋतूही पाहावा लागतो. उन्हाळ्यात परसातली काळी माती तडकते, भेगांमध्ये हात जातो आणि वर पडलेली वस्तू त्या भेगेतून एका वर्षात हातभर खाली जाते. परसात खोलीवरून काळ ठरवता येत नाही तो यामुळेच. तो ओसरीखालच्या कोरड्या, दाबलेल्या मुरमातच ठरवता येतो. कामाला उत्तम वेळ पावसाळ्यानंतर वापसा आला की, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असते तेव्हा. मे महिन्यात हीच माती दगड असते आणि कुदळीचा घाव वस्तूवरच बसतो. पण नोटिसा मे-जूनमध्ये येतात आणि वाडे तेव्हाच पडतात. ज्या वाड्याला निकडीचा धोका नाही, तो दिवाळीनंतर उतरवायला काय हरकत आहे?

खणायचे ते वीतभरच, माती ताडपत्रीच्या तुकड्यावर, आणि वस्तू निघाल्यावर खड्ड्यात पुन्हा यंत्र फिरवून मगच बुजवायचे. खड्डा उघडा ठेवून जाणाऱ्याला पुन्हा आत घेऊ नका. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, वर चौकोनाचा क्रमांक, खोली आणि तारीख. घासायचे नाही. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांपैकी काहीही लावले की तांब्याच्या नाण्यावरची जुनी हिरवट-तपकिरी साय निघून जाते आणि तिच्याबरोबर अक्षरेही जातात. सुटी झालेली माती मऊ ब्रशने झटकायची, गरज पडली तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचे, सावलीत पूर्ण वाळवायचे. फिकट हिरवी पूड सुटत असेल तर ते नाणे इतरांपासून वेगळे, सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट डबीत ठेवायचे. ती पूड म्हणजे आत चालू असलेला गंज आहे आणि तो दमटपणावर वाढतो.

कायद्याबद्दल मालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली की काय सापडले, कुठे आणि कधी, हे शोधणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे असते. दहा रुपये म्हणजे आज जवळपास सगळेच. कळवले की ते जप्त होते ही समजूत चुकीची आहे. कलेक्टर जाहीर सूचना काढून हक्कदारांना पुढे यायला सांगतो. कोणाचाच हक्क सिद्ध झाला नाही तर मूळ कायद्यात तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा, असे वाटप सांगितले आहे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवले तर मात्र शोधणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि त्याचा हिस्साही जातो. मदत करणारा मालकही सुटत नाही. दुसरी गोष्ट, शंभर वर्षांपूर्वीचे नाणे किंवा मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. असे काही परदेशातल्या नातेवाइकाबरोबर आठवण म्हणून पाठवणे हा गुन्हा आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

वाडा उतरवण्याच्या करारात एक ओळ घाला: जोते आणि फरशा सगळ्यात शेवटी, आणि वरचे उतरवून झाल्यावर आठ दिवस जमिनीला जेसीबी लावायचा नाही. चौकाला एक दिवस, ओसरी आणि माजघराला एक, परसाला तीन, पाटणीच्या मातीला दोन, नोंदी आणि खड्डे बुजवायला एक. प्लॉट त्याहून मोठा असेल तर दिवस वाढवून मागणार नाही, तेवढ्यात होईल तेवढेच करू.

परवानगी लेखी द्या, सर्व हिस्सेदारांना कळवून द्या, आणि आम्ही काम करताना घरातले एक माणूस तिथे बसवा. सापडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी दोन प्रतींत होईल, त्यावर दोघांच्या सह्या होतील, वस्तू त्याच संध्याकाळी तुमच्या माणसाच्या हवाली होतील. कलेक्टरला कळवायचे पत्र आम्ही लिहून देऊ. कायद्याने शोधणाऱ्याला मिळणारा हिस्सा आम्हाला नको, हेही कामाआधी लिहून देऊ. आम्हाला हवे आहेत ते नकाशा, फोटो आणि नोंदी.

आग्नेय कोपऱ्यात वास्तुशांतीच्या वेळी पुरलेली वास्तुप्रतिमा असते. तिथे यंत्र बोलले तरी आम्ही थांबू आणि तुम्हाला बोलावू. ती काढायची की कशी, हे घरच्यांनी ठरवायचे. ठेकेदारांनीही तो कोपरा घरच्यांना विचारल्याशिवाय उचलू नये.

ठेकेदारांना आणखी एक विनंती: जुनी कुलुपे, चाव्या, हलकड्या, कडी-कोयंडे तोलून देण्याआधी कोणत्या दारावरची आहेत ते खडूने लिहा आणि एक फोटो काढा. पाच मिनिटांचे काम आहे. काडतूस, तोफगोळ्यासारखे काही निघाले तर ते हलवू नका, ठोकू नका, काम थांबवून पोलिसांना बोलवा.

आमच्याकडूनही मर्यादा लिहून ठेवतो. राजवाडा, लालबाग, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, कुठलेही संरक्षित ठिकाण, देवळाचे आवार, महूच्या छावणीची जमीन, इथे आमच्यापैकी कोणी यंत्र बाहेर काढणार नाही. सूर्यास्तानंतर काम नाही. कोणी आमच्या नावाने रात्री आला तर त्याला आमचा समजू नका, थेट तक्रार करा.

या उन्हाळ्यात ज्यांच्या वाड्याला नोटीस लागली आहे, त्यांनी ठेकेदाराशी व्यवहार ठरवण्याआधी ही मागणी घरात वाचून दाखवावी. ॲडव्हान्स दिल्यावर ठेकेदार आठ दिवस थांबत नाही, त्याचा जेसीबी दुसऱ्या जागी लागलेला असतो.

कळावे, लोभ असावा.

मेटल डिटेक्टरचा छंद असलेला
एक इंदूरकर